दर हिवाळ्याला तेच, मग बारा सेशनमध्ये काय होणार?

(पत्र लांब होतं, थोडं कापलंय.)

"ताई, वय ३६. सलग तिसरं वर्ष आहे हे. दिवस लहान व्हायला लागले की मी हळूहळू बंद पडत जाते. दहा-अकरा तास झोपूनही सकाळी अंग दगडासारखं, सारखं गोड नाहीतर पिठूळ काहीतरी खावंसं वाटतं, वजन वाढतं, कुणाचा फोन घ्यायचा म्हटलं तरी नको होतं. नोकरीवर कशीबशी जाते. दिवस मोठे झाले की दोन-तीन आठवड्यांत परत माणसात येते आणि मग वाटतं उगाच बाऊ केला. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बरं वाटल्यावर माझ्या मीच बंद केल्या. आता त्या म्हणतायत की बारा सेशनची छोटी थेरपी करून बघ. नवरा म्हणतो, उजेड कमी पडतो म्हणून होतं ना तुला, मग बोलून काय सूर्य उगवणार आहे का? खरं सांगू तर मलाही ते पटतं. आत्ता तर मी एकदम मजेत आहे, मार्चपासून एवढा उत्साह होता की चार-चार तास झोपून घरभर रंगकाम केलं, तीन कोर्सना नाव घातलं. मग आत्ताच कशाला थेरपी? तो भरपूर उजेड देणारा दिवा, लाइट बॉक्स, घेऊ का नुसता? आणि नवऱ्याला काय काम देऊ? आणि मला अहो-जाहो करू नका. – दर वर्षीची"

प्रिय दर वर्षीची,

बरं, अगं-तुगं करते. तुझ्या नवऱ्याचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण टोमणा म्हणून सोडून द्यावं असं ते नाहीये, प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. नाही, बोलून सूर्य उगवत नाही. पण अंधार झाला की तू जे काय करतेस, ते सगळं सूर्य करायला लावत नाही, आणि थेरपी त्या दुसऱ्या गोष्टीची आहे.

थोडं मागे जाते. या त्रासाला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर', म्हणजे ऋतूनुसार येणारं डिप्रेशन, हे नाव मिळालं १९८४ मध्ये, अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेपर लिहिला तेव्हा. हे रोझेन्थल मूळचे जोहान्सबर्गचे, न्यूयॉर्कला आले आणि तिथले लहान दिवस सुरू झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपलं स्वतःचंच गाडं मंदावतंय. म्हणजे ज्यांनी हे शोधलं तेही तुझ्याच रांगेतले. आज डॉक्टर याला वेगळा आजार धरत नाहीत, डिप्रेशनच, पण ऋतूच्या तालावर येणारं, किमान दोन वर्षं ओळीने ठरावीक काळात येतं आणि ठरावीक काळात पूर्ण जातं असं. जास्त झोप, पिठूळ-गोडाची ओढ, वजन, जडपणा, हे तू लिहिलेलं सगळं हिवाळी प्रकाराचं अगदी ओळखीचं चित्र आहे. (उन्हाळ्यातही येतं काहींना, त्यांची झोप उडते आणि भूक मरते.) तर तीन वर्षं झालीयेत, बाऊ वगैरे काही केलेला नाहीस, ते डोक्यातून काढून टाक आधी.

आता तो मुद्दा. उजेड कमी झाला की काही लोकांच्या शरीराचं घड्याळ मागे पडतं, मेलाटोनिन नावाचं झोपेशी संबंधित हार्मोन सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं, असं एक स्पष्टीकरण आहे, आणखीही आहेत. शरीर मंदावतं एवढं तर खरंच. पण इथपर्यंत झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा आपण घरी बसून तयार करतो आणि तो दिसत नाही, कारण तो आजाराचाच भाग आहे असं वाटत राहतं.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, ओळख पटेल असं सगळं बदलून सांगतेय. त्यांना पहिल्या आठवड्यात एक साधा तक्ता दिला, तासातासाला काय केलं ते लिहायचं आणि त्या वेळी मूड शून्य ते दहामध्ये किती होता तो आकडा टाकायचा. शनिवारी दुपारी एक ते पाच या चार चौकोनांत त्यांनी लिहून आणलं "काही नाही", मूड २. मी विचारलं काही नाही म्हणजे नक्की काय, कुठे बसला होतात, दिवा लावलेला होता का. तर निघालं असं की पडदा सकाळपासून ओढलेलाच होता, कारण बाहेरचं राखाडी आभाळ बघितलं की अजूनच खचायला होतं. दिवा लावला नव्हता कारण उठायचा कंटाळा. हातात मोबाइल. आता बघ हं, दिवे लावलेल्या खोलीत साधारण दोन-तीनशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो, आणि तुला वाटेल बाहेर ढगच ढग आहेत पण त्या ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर काही हजार लक्स असतात. म्हणजे ज्या माणसाला उजेडाची कमतरता म्हणून त्रास होतोय त्यानेच आहे तोही उजेड पडदा ओढून बाहेर ठेवला होता, आणि ते त्याला स्वतःला माहीतच नव्हतं, त्याच्या लेखी ते "काही नाही" होतं. तुझ्या नवऱ्याला हे वाचून दाखव. सूर्य उगवला नाही बोलून, पण पडदा उघडला.

तर हा वागण्याचा भाग. त्रास होतो म्हणून आपण आत-आत जातो, भेटीगाठी रद्द करतो, फिरणं बंद, छंद बंद, आणि ज्यातून थोडं बरं वाटायचं तेच सगळं बंद पडल्यावर मूड अजून खाली, मग अजून रद्द. थेरपीत हे उलट्या बाजूने सोडवतात, म्हणजे मूड आला की करू असं न म्हणता आधी ठरलेली छोटी गोष्ट करायची, मूड मागून येईल तेव्हा येईल. ऐकायला "जरा बाहेर पड, बरं वाटेल" या फुकटच्या सल्ल्यासारखं वाटतं ना, मलाही सुरुवातीला वाटायचं. फरक असा की सल्ला देणारा निघून जातो, आणि इथे पुढच्या सेशनला तक्ता उघडून बसतात, जमलं नाही तर का नाही जमलं, वीस मिनिटं जास्त होती का, मग पाच करू, चप्पल घालून दारापर्यंत जाऊन परत ये एवढंच ठेवू, असं. चिकाटीचं आणि खरं सांगायचं तर थोडं कंटाळवाणं काम आहे हे.

दुसरा भाग विचारांचा. साडेचारला खिडकीबाहेर अंधार दिसला की तुझ्या मनात पहिलं वाक्य काय येतं? बहुतेकांचं असतं, "संपला दिवस". मग त्या वाक्याला धरून बसायचं. किती खरं वाटतं, शंभरपैकी? नव्वद. बरं, झोपतेस किती वाजता? साडेदहाला. म्हणजे सहा तास उरलेत. उन्हाळ्यात याच सहा तासांत काय काय करायचीस? इथे लोक जरा गप्प होतात. नव्वदचे पन्नास होतात, शून्य कधीच होत नाहीत, आणि व्हायला पाहिजेत असंही नाही. "हिवाळा किती सुंदर असतो" वगैरे स्वतःला पटवायचं नाहीये, तसलं काही फ्रीजवर चिकटवायला सांगणारा थेरपिस्ट भेटला तर खुशाल उठून ये. "मला हिवाळा अजिबात सहन होत नाही" इथून "मला हिवाळा आवडत नाही, त्यात माझी ताकद कमी असते, तरी काही गोष्टी होतात माझ्याकडून" इथपर्यंत आलं तरी खूप झालं. आणि एक खास या त्रासातला विचार, तो पाऊस-थंडीच्याही आधी येतो: पानं गळायला लागली, संध्याकाळ लवकर झाली की "आलं परत, आता चार महिने गेले". अजून काही झालेलंही नसतं आणि आपण मनाने चार महिने देऊन टाकलेले असतात. याच्यावर बराच वेळ जातो सेशनमध्ये आणि जावाच.

बारा सेशन कमी वाटतायत तुला, पण हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ केली रोहन यांनी खास या डिप्रेशनसाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी थेरपी, बसवली. आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, छोट्या ग्रुपमध्ये, सहा आठवडे, झाले बारा. मग १७७ लोकांना घेऊन त्यांनी तुलना केली, निम्म्यांना ही थेरपी, निम्म्यांना लाइट बॉक्स. सहा आठवड्यांनी दोन्हीकडे जवळपास सारखाच फायदा, म्हणजे उजेडवाले काही हरले नाहीत. पुढच्या हिवाळ्यातही म्हणण्यासारखा फरक नाही. फरक दिसला त्याच्याही पुढच्या, दुसऱ्या हिवाळ्यात: लाइट बॉक्सवाल्यांपैकी ४५.६ टक्के लोकांना डिप्रेशन परत आलं होतं, थेरपीवाल्यांपैकी २७.३ टक्क्यांना. मला यात नवल वाटत नाही. लाइट बॉक्स हा चष्म्यासारखा आहे, लावलास तोवर दिसतं. दर वर्षी, हिवाळाभर, रोज सकाळी बसायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी किती जणांचा तो कपाटाच्या वरच्या फळीवर जातो ते तूच सांग. थेरपीत शिकलेलं डोक्यात राहतं, निदान बरंचसं.

पण तराजू सरळ धरायचा तर हेही सांगायला हवं की थेरपी घेऊनही चारातल्या एकीला ते परत आलंच, आणि ज्या टीमने थेरपी तयार केली त्यांचाच हा अभ्यास आहे. त्यामुळे बारा सेशन झाले की कायमची सुटका असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. माझ्या अनुभवात परत आलं तरी ते उशिरा येतं, उथळ येतं, आणि मुख्य म्हणजे ती बाई त्याला ओळखते.

लाइट बॉक्सला माझा विरोध नाही हं. दोन्ही एकत्र करतात पुष्कळ लोक. घेणार असशील तर १०,००० लक्सचा, अतिनील किरण गाळणारा, उठल्या उठल्या साधारण अर्धा तास, समोर ठेवायचा पण टक लावून त्यात बघायचं नाही, त्या उजेडात वाच काहीतरी. डोळ्यांचा काही आजार असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचार. आणि टॅनिंगच्या मशीन म्हणजे लाइट बॉक्स नव्हे, ते वेगळं आणि घातक.

पण थांब, बॉक्सची ऑर्डर द्यायच्या आधी एक. तुझ्या पत्रातली जी ओळ तू सगळ्यात आनंदाने लिहिलीस तीच मला सगळ्यात जास्त खटकली, चार तास झोपून घर रंगवलं आणि तीन कोर्स. कदाचित ते नुसतं सुटकेचं वारं असेल, चार महिने कोंडून राहिलेल्या माणसाला ऊन मिळालं की होतं असं. पण हिवाळ्यात खाली आणि मग झोप न लागता, खरं तर झोपेची गरजच न वाटता, एकदम वर जाणं हे बायपोलर प्रकारातही (ज्यात मूड कधी खूप खाली तर कधी खूप वर जातो) दिसतं, आणि त्यात नुसता लाइट बॉक्स किंवा नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या यांनी माणूस अजून वर उडू शकतो. मी तुला पत्रावरून काही लेबल लावत नाहीये, कुणीच लावू नये. पण हे डॉक्टरांना सांगितलंयस का? मला वाटतं नाही सांगितलंस, कारण बरं वाटत असताना डॉक्टरकडे कोण जातं. सांग. किती दिवस होतं, झोप किती, पैसे नेहमीपेक्षा जास्त उडवलेस का, घरचे म्हणाले का की तू फार वेगाने बोलतेस. त्याच भेटीत थायरॉईड आणि रक्ताची साधी तपासणी झाली नसेल तर तीही होऊ दे, थायरॉईड मंदावलं तरी जडपणा, झोप, वजन असंच असतं.

गोळ्यांचं थोडक्यात: माझ्या मीच बंद केल्या हे परत करू नकोस. बरं वाटलं म्हणून बंद करायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करत. थेरपी घेतली म्हणजे गोळ्या घ्यायच्या नाहीत असंही नाही, कधी दोन्ही लागतात, त्यात कमीपणा कसला.

आता तुझा खरा प्रश्न, आत्ताच कशाला. इथे माझं मत थोडं बदलत गेलंय. पूर्वी मी म्हणायचे, बरं असतानाच सगळं शिकून घे. पण नेदरलँड्समध्ये २०१४ साली एक छोटा अभ्यास आला, त्यात लोक बरे असताना, हिवाळ्याच्या कितीतरी आधी, त्यांना माइंडफुलनेसवर, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याच्या सरावावर, आधारलेली थेरपी दिली आणि पुढच्या हिवाळ्यात त्याचा बचाव म्हणून उपयोग दिसला नाही. छोटा अभ्यास, वेगळी थेरपी, त्यावरून सगळं ठरवू नये, पण माझ्या ओळखीचं वाटलं ते. ऐन उन्हात "संपला दिवस" हा विचार हाताशीच नसतो, मग काम कशावर करणार, तक्त्यात सगळीकडे मूड ८. उलट पार तळाला गेल्यावर सुरू केलं तर आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडण्याची ताकद कुठून आणायची, तहान लागल्यावर विहीर तशातला प्रकार. म्हणून मधली वेळ धर. थेरपिस्ट आत्ता शोध, कारण चांगल्यांकडे नंबर लागायला वेळ लागतो, पहिली ओळखीची भेट आत्ता उरकून घे, आणि सेशन सुरू कर ते तुझी पहिली-पहिली लक्षणं दिसायच्या सुमाराला.

शोधताना फोनवरच विचार, की सीबीटी करता का, सेशनची संख्या आधी ठरवून काम करता का, घरी करायला काही देता का. "बघू हळूहळू, जसं सुचेल तसं" असं उत्तर आलं तर तो माणूस वाईट नाही पण तुला हवं ते हे नाही. शेवटची एक-दोन सेशन पुढच्या हिवाळ्याच्या लेखी प्लॅनसाठी राखून ठेवतात का तेही विचार, माझ्या मते सगळ्यात कामाचा कागद तोच असतो आणि घाईत तोच राहून जातो.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस म्हणून मी विचारते. जगण्यात अर्थ नाही, मेलेलं बरं, असं कधी मनात येतं का? आलं तर ते बारा सेशनच्या रांगेत थांबवायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना नाहीतर जवळच्या इमर्जन्सीत, आणि घरात एकाला तरी आत्ताच, बरी असतानाच, सांगून ठेव की मी असं काही बोलले तर मला एकटी सोडू नको.

नवऱ्याला काय काम द्यायचं विचारलं होतंस शेवटी. त्याला समजावत बसू नकोस आणि त्यालाही तुला समजवायला लावू नकोस, "ऊठ ना, बघ किती छान हवा आहे" हे वाक्य हिवाळाभर बंद. त्याने सकाळी उठल्यावर पडदे उघडायचे आणि तू ठरवलेल्या वेळी चपला घालून दाराशी उभं राहायचं. बोलायचं काही नाही.

आणि तुला आज रात्रीचं एक काम. मोबाइलमधले मागच्या तिन्ही हिवाळ्यांचे मेसेज काढ आणि "आज नाही जमणार", "सॉरी ग, नंतर भेटू", "जरा बरं नाहीये" असले शोध. आपल्याला वाटतं एकदम खाली गेलो, पण मेसेज बघितले की कळतं, तुझं रद्द करणं रडू यायच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असणार. प्रत्येक वर्षीच्या पहिल्या "नाही जमणार"ची तारीख कागदावर लिही. तिन्ही तारखा जवळजवळ निघाल्या तर त्यातली सगळ्यात आधीची धर, दोन आठवडे मागे मोज, आणि पहिल्या सेशनची अपॉइंटमेंट त्या दिवशीची घे.

– ताई